दत्तक आहात आणि जन्माचं मूळ शोधायचंय? फाइलपासून पहिल्या भेटीपर्यंत

माझ्या फाइलमधला पहिला कागद हातात आला तेव्हा मी ३४ वर्षांची होते. त्यावर माझ्याबद्दल तीनच गोष्टी होत्या. मुलगी. वजन २ किलो १०० ग्रॅम. सोबत पांढरा टॉवेल, एक कोपरा जळालेला. आईचं नाव नाही, गावाचं नाव नाही, पण टॉवेलचा कोपरा कुणीतरी आठवणीने लिहून ठेवला होता. त्या कोपऱ्यापायी मी कितीतरी रात्री जागून काढल्या. इस्त्रीने जळाला असेल का? म्हणजे घरात इस्त्री होती. म्हणजे घर बरं होतं. मग मला का दिलं? आज दुसऱ्यांच्या फाइली वाचायला मदत करते तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगते, की टॉवेल वहीत जरूर लिहून ठेवा, पण त्याच्यावर घर बांधू नका.

हा लेख सज्ञान दत्तक व्यक्तींसाठी आहे. कामाचा क्रम सांगितलाय तो अनुभवातून आलेला आहे. पायऱ्या गाळून पुढे गेलात तर बहुतेक वेळा परत मागे यावं लागतं.

आधी एक वाक्य लिहा

कुठल्याही कार्यालयात अर्ज करण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा. 'मला ... कळायला हवं' किंवा 'मला ... भेटायला हवं'. यातलं कुठलं, ते ठरवा. दोन्ही लिहावंसं वाटेल, पण वेगवेगळ्या ओळींत लिहा.

हा शब्दांचा खेळ नाही. माहिती आणि नातं या दोन निराळ्या मागण्या आहेत, आणि माझं ठाम मत आहे की पहिलीवर तुमचा हक्क आहे, दुसरीवर नाही. आपण कुठे जन्मलो, का दिलं गेलो, घराण्यात मधुमेह आहे की हृदयविकार, हे विचारताना खाली मान घालायची काहीच गरज नाही. समोरच्या बाईने मात्र आपल्याला जवळ घ्यावं, हे मागता येत नाही. ते मिळालं तर मिळालं. हा फरक डोक्यात पक्का नसेल, तर फाइल देताना खळखळ करणाऱ्या कारकुनापुढे आपण गयावया करतो आणि घाबरलेल्या जन्मदातीपुढे हक्काची भाषा बोलतो. नेमकं उलटं.

स्टीव्ह जॉब्जचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. त्याने जन्मदाती आई शोधली, बहीण सापडली, दोघींशी नातं ठेवलं. वडील कोण हेही त्याला कळलं, पण त्यांना भेटायचं नाही असं त्याने ठरवलं आणि हे कळल्यावर शेवटपर्यंत भेटला नाही. एका बाजूची फक्त माहिती घेतली, दुसऱ्या बाजूचं नातं घेतलं. असं अर्धंमुर्धं चालतं.

वेळेबद्दलही थोडं. शोधाची ओढ बहुधा आयुष्यातल्या उलथापालथीत लागते. स्वतःला मूल झाल्यावर, दत्तक आई किंवा वडील गेल्यावर, डॉक्टरांनी 'घरात कुणाला आहे का?' विचारल्यावर. मूळ ठाऊक नसल्यामुळे येणाऱ्या या गोंधळलेपणाला एच. जे. सँट्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली नावही दिलं, त्याचा अर्थ साधारण 'वंशावळीचा संभ्रम'. ओढ खोटी नसते. पण सुतकात किंवा बाळंतपणात पत्रं पाठवू नका. कागद जमवणं तेवढं चालू ठेवा.

घरातल्यांशी बोलणं

बहुतेक जण ही पायरी टाळतात. आई-बाबांना वाईट वाटेल म्हणून गुपचूप शोध सुरू करतात आणि मग एखाद्या दिवशी संस्थेचं पत्र घरच्या पत्त्यावर येऊन पडतं. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मी म्हटलं होतं, 'आई, मला दुसरी आई नको आहे. माझी गोष्ट पहिल्या पानापासून वाचायची आहे, आणि पहिली काही पानं तुझ्याकडे आहेत.' ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी कपाटातून एक खाकी पाकीट आणून तिने माझ्यासमोर ठेवलं. सगळ्यांच्या घरी असं होत नाही, हेही माहीत आहे.

विचारताना 'माझ्या खऱ्या आईबद्दल तुला काय माहिती आहे?' असं विचारू नका. 'खरी' हा शब्द समोरच्याला लागतो, आणि इतक्या मोठ्या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर येतं. बारीक प्रश्न विचारा. मला आणायला कोण कोण गेलं होतं? कुठला महिना होता, पाऊस होता का? किती दिवस थांबावं लागलं? फोन कुणाचा आला होता? मला दिलं तेव्हा मी कुठल्या नावाला वळून बघायचे? तिथल्या बाईंनी काही सांगितलं होतं का, की 'हिला उजव्या कुशीवर झोपवा' वगैरे? अशा प्रश्नांमधून माणसांची नावं बाहेर पडतात. जुनी परिचारिका, वकील, मध्यस्थी केलेले नातेवाईक.

आई-बाबा हयात नसतील किंवा बोलायला तयार नसतील, तर आत्या, मावशी, जुने शेजारी, घरचे डॉक्टर यांच्याकडे वळा. तुमच्या येण्याच्या वेळी जे पंधरा-वीस वर्षांचे होते, त्यांना सगळ्यात जास्त आठवतं. मोठ्यांनी लपवलेलं पोरांनीच दाराआडून ऐकलेलं असतं.

घरात शोधायचे कागद हे: कोर्टाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा दत्तक आदेश, संस्थेने बनवलेला बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, पहिला पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रं, संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, देणगीच्या पावत्या, आणलं त्या दिवसाचे फोटो. फोटोंची मागची बाजू बघा. जन्मदाखला हाती लागला म्हणून हुरळून जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी दत्तकविधानानंतर नवा दाखला तयार होतो, त्यावर दत्तक पालकांचीच नावं असतात आणि मूळ नोंद वेगळी ठेवलेली असते. दाखल्याची नोंदणी जन्मानंतर कितीतरी महिन्यांनी झालेली दिसली, तर तो नवाच दाखला असण्याची शक्यता मोठी.

वहीचे तीन रकाने

एक जाड वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. तीन रकाने: कागदाने सांगितलेलं, माणसाने सांगितलेलं, मला वाटलेलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कुठून कळलं ते. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. मनात उठणाऱ्या गोष्टींना तिथे जागा दिली, की त्या पहिल्या दोन रकान्यांत घुसत नाहीत. माझा टॉवेल पहिल्या रकान्यात आहे, इस्त्री तिसऱ्यात.

थोडे मोठे असताना दत्तक गेलेल्यांना स्वतःच्या आठवणी असतात. त्या दुसऱ्या रकान्यात जातात, कारण तेव्हाचे तुम्ही हेही एक साक्षीदारच. आठवण जशी आहे तशी लिहा, दुरुस्त करू नका. सरू ब्रायर्ली लहानपणी आगगाडीत झोपून गेला आणि कोलकात्यात हरवला. १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात टास्मानियाला दत्तक गेला. त्याच्या लक्षात राहिलेलं आपल्या वस्तीचं नाव होतं 'गिनेस्टले'. असं गाव नकाशावर कुठेच नव्हतं. त्याने गाडीत गेलेले तास अंदाजे १४ धरले, त्याला गाडीच्या वेगाने गुणलं आणि कोलकात्यापासून साधारण १,२०० किलोमीटरवर उपग्रहाच्या चित्रांत तपास सुरू केला. लहानपणी खेळायचा तो धबधबा ओळखू आला आणि खंडवा सापडलं. 'गिनेस्टले' म्हणजे गणेश तलाई. स्वतःचं नावही तो चुकीचं लक्षात ठेवून होता, ते होतं शेरू. मुलाचा कान नाव मोडतो, पण पुलाखालची वाट आणि पाण्याची जागा मोडत नाही. म्हणून आठवणीतल्या जागेचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा.

तुमच्यावर कुठला कायदा चालतो

तुम्ही आज कुठे राहता यापेक्षा दत्तकाचा आदेश कुठे झाला आणि जन्माची नोंद कुठे आहे, हे महत्त्वाचं. दोन देश गुंतले असतील तर दोन्हीकडे अर्ज करा, कारण अर्धी फाइल एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे असते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन आधार आहेत. १९८९ च्या बालहक्क कराराची कलमं ७ आणि ८ आई-वडील ठाऊक असण्याच्या आणि ओळख जपली जाण्याच्या हक्काबद्दल बोलतात. आंतरदेशीय दत्तकविधानावरच्या १९९३ च्या हेग कराराचं कलम ३० सांगतं, की मुलाच्या मुळाची माहिती, विशेषतः आई-वडिलांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, संबंधित अधिकाऱ्यांनी जपून ठेवायचा आणि त्या देशाच्या कायद्यात बसेल तितका दाखवायचा. अर्जात या कलमांचा उल्लेख केला तर समोरचा जरा सावरून बसतो.

पुढे देशागणिक चित्र बदलतं. स्कॉटलंडमध्ये १९३० पासून मूळ नोंद बघता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा हक्क १९७५ च्या कायद्याने आला, वयाची अट १८ वर्षं. न्यूझीलंडने १९८५ मध्ये २० वर्षांवरच्यांना दार उघडलं, पण जुन्या प्रकरणांतल्या जन्मदात्यांना आपली ओळख रोखून धरण्याची सोय ठेवली. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅन्सस आणि अलास्काने मूळ दाखले कधी बंद केलेच नाहीत, ओरेगनमध्ये ते १९९८ च्या सार्वमताने खुले झाले, न्यू यॉर्कमध्ये २०२० मध्ये, आणि काही राज्यांत आजही कोर्टाची पायरी चढावी लागते. फ्रान्समध्ये बाईला नाव न सांगता बाळंत होता येतं. तिथे २००२ च्या कायद्याने एक राष्ट्रीय परिषद नेमली, ती आईला शोधून तिची संमती विचारते, पण तिने नकार दिला तर नाव देत नाही.

आयर्लंडचा २०२२ चा कायदा मला सगळ्यात शहाणा वाटतो. आईने 'मला संपर्क नको' असं नोंदवलेलं असलं तरी अर्जदाराला जन्माची माहिती मिळतेच. त्याआधी त्याच्याशी बोलून आईची इच्छा त्याला समजावून सांगतात, इतकंच. माहिती वेगळी, नातं वेगळं, हे त्यांनी थेट कायद्यातच लिहून टाकलं.

भारतात झालेल्या दत्तकविधानाला २०२२ ची दत्तक नियमावली लागू होते. १८ वर्षांवरच्या व्यक्तीला केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याखालच्यांना दत्तक पालकांबरोबर करावा लागतो. जन्मदात्यांनी मूल देताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती घेतली जाते. संमती मिळाली नाही किंवा ते सापडले नाहीत, तरी कुठल्या कारणाने आणि कुठल्या परिस्थितीत मूल दिलं गेलं हे अर्जदाराला सांगायचं असतं. ही ओळ अर्जात आवर्जून लिहा. 'आई सापडली नाही' एवढं कळवून फाइल मिटणाऱ्यांना ती आठवण करून द्यावी लागते. आणखी एक, या नियमावलीत त्रयस्थामार्फत मूळ शोधाला परवानगी नाही. पैसे घेऊन फाइल काढून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या नादी लागू नका.

फाइल मागणं आणि वाचणं

'माझ्या आईबद्दल माहिती द्यावी' असा अर्ज करू नका, त्याला एका ओळीचं उत्तर येतं. अर्ज फाइलच्या भाषेत करा: 'माझ्या नावे असलेल्या संपूर्ण फाइलची प्रत मिळावी, त्यात मुखपृष्ठ, पानांच्या मागच्या बाजू, हस्तलिखित शेरे, प्रवेश नोंदवहीतली नोंद, वैद्यकीय कागद, समर्पणपत्र, पोलीस किंवा बालकल्याण समितीचा अहवाल आणि सर्व पत्रव्यवहार यांचा समावेश असावा. एखादा भाग देता येत नसेल तर कुठला आणि कुठल्या नियमाने, ते लेखी कळवावं.' समर्पणपत्र म्हणजे मूल स्वाधीन करताना लिहून दिलेला कागद. शेवटच्या वाक्यावरच पुढचं अपील उभं राहतं.

नाव-पत्ता देत नसतील, तर ओळख न उघडणारी माहिती मागा: आईचं वय, शिक्षण, भाषा, आधीची मुलं, आजार. हे बहुतेक ठिकाणी मिळतं आणि वाटतं त्याहून जास्त उपयोगी असतं.

संस्था बंद पडली असेल तर कागद कुठेतरी गेलेले असतात. सरकारी बालकल्याण खातं, दुसरी संस्था, चालवणारी धार्मिक संघटना, कोर्टाचं अभिलेखागार. 'जळालं', 'पुरात गेलं' ही उत्तरं मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की सगळं खरं असतं तर आगी विझवायला माणसं पुरली नसती. जॉब्जला त्याच्या दाखल्यावरच्या डॉक्टरने हेच सांगितलं होतं, कागद आगीत गेले. मग त्याच डॉक्टरने आईचं नाव लिहून एक पत्र बंद करून ठेवलं, आपल्या मृत्यूनंतर द्यायचं म्हणून, आणि ते पोचलंही. तेव्हा 'जळालं' ऐकलं की शांतपणे विचारा: कुठल्या वर्षी, त्याची नोंद आहे का, आणि प्रवेश नोंदवही वेगळ्या खोलीत होती का?

फाइल हाती आली की एका बसणीत वाचू नका, आणि एकट्याने तर मुळीच नको. पहिल्या वाचनात डोळे फक्त 'का' शोधतात. दुसऱ्या वाचनात पेन घेऊन बसा. प्रवेशाची तारीख आणि जन्मतारीख यांत किती दिवस आहेत? जन्मतारीख 'अंदाजे' आहे का? डॉक्टरने वजनावरून आणि नाळेवरून ठरवलेली तारीख आपण आयुष्यभर वाढदिवस म्हणून साजरी करत असतो. 'सापडलेलं मूल' लिहिलंय की 'स्वाधीन केलेलं'? स्वाधीन केलेलं असेल तर सही किंवा अंगठा कुठेतरी असणारच. शाई बदललीय का, अक्षर बदललंय का? पुढे-मागे दाखल झालेल्या मुलांचे क्रमांक सलग आहेत का?

फाइलवर विश्वास ठेवा, पण उसना दिल्यासारखा. दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं, की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदींत फेरफार झाले होते. आई-वडील माहीत असलेल्या मुलांना अनाथ लिहिलं गेलं, एका मुलाची ओळख दुसऱ्याला दिली गेली. नेदरलँड्सच्या चौकशी समितीनेही २०२१ मध्ये अनेक देशांतून झालेल्या दत्तकविधानांत गंभीर गैरप्रकार दाखवले. त्यामुळे 'रस्त्यावर सापडली' हे वाक्य तुमच्या फाइलमध्ये असेल, तर ते कदाचित खरं असेल, कदाचित त्या काळात सगळ्यांच्या फाइलीत तेच टंकलेलं असेल. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मुलांशी गाठ घाला आणि मजकूर जुळवून बघा. मी हे केलं तेव्हा पाचपैकी तिघींच्या फाइलमध्ये एकच परिच्छेद शब्दशः होता. टॉवेल मात्र माझ्या एकटीचाच.

परस्पर संमतीच्या नोंदवह्यांमध्येही नाव घाला. दोन्ही बाजूंनी नोंद केली तरच त्या जुळवून देतात. १९७५ पासून चालणारी आंतरराष्ट्रीय साउंडेक्स पुनर्मीलन नोंदवही ही त्यातली जुनी. एकदा फॉर्म भरून विसरून जायचं काम आहे.

डीएनए: थुंकीतून नातेवाईक

कागद संपतात तिथून डीएनए कामाला येतो. चाचणी तीन प्रकारची. वाय गुणसूत्राची फक्त पुरुषांसाठी, बापाकडून बापाकडे जाणारी रेषा दाखवते. मायटोकाँड्रियाची आईकडून आईकडे जाणारी. आपल्याला हवी ती तिसरी, अलिंगी गुणसूत्रांची, कारण ती सगळ्या बाजूंचे जवळचे नातेवाईक दाखवते. 'तुमचे पूर्वज अमुक टक्के इकडचे' हा रंगीत नकाशा बघून सोडून द्या, खरं काम जुळलेल्या माणसांच्या यादीत असतं.

त्या यादीत प्रत्येकापुढे सेंटिमॉर्गनचा आकडा असतो, म्हणजे दोघांत डीएनए किती सामाईक ते. पालक आणि मूल यांच्यात तो ३,४०० ते ३,५०० च्या आसपास. सख्ख्या भावंडांत साधारण २,६००. सावत्र भावंड (आई किंवा बाप एकच असलेलं), आजी-आजोबा आणि काका-मामा-मावशी हे तिन्ही १,७५० च्या आसपासच येतात, तिथे वयावरून ठरवावं लागतं. आजी-आजोबा एकच असतील तर सरासरी ८५० ते ९००. पणजी-पणजोबा एकच असतील तर सुमारे २३०. खापरपणजोबा एकच असतील तर सरासरी ७० च्या आसपास, पण अशा दहा नातेवाईकांपैकी एखाद्याशी तुमचं काहीच जुळत नाही. हे सगळे सरासरी आकडे, वरखाली बरंच होतं.

या कंपन्या वरच्या तिन्ही पिढ्यांना सरसकट 'कझिन' म्हणतात. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार शब्द आहेत, आणि शोधात सोडवायचं कोडं नेमकं हेच असतं: हा कझिन या चारांपैकी कुठला?

ते सोडवायची एक साधी युक्ती डॅना लीड्स या अमेरिकन महिलेने २०१८ मध्ये मांडली. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधल्या नातेवाईकांची यादी करा. पहिल्याला एक रंग द्या, त्याच्याशी सामाईक असलेल्या सगळ्यांना तोच. मग बिनरंगी राहिलेल्या पहिल्या नावाला दुसरा रंग. असं संपेपर्यंत. शेवटी साधारण चार रंगांचे गठ्ठे उरतात, तुमच्या चार आजी-आजोबांचे. प्रत्येक गठ्ठ्यातल्या लोकांची वंशावळ वर नेत जा, जिथे ती एका जोडप्याला मिळते तिथून खाली उतरा. दोन गठ्ठ्यांच्या वंशावळी ज्या लग्नात एकत्र येतात, त्या जोडप्याच्या मुलांमध्ये तुमचा जन्मदाता किंवा जन्मदाती असते. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्नं होतात, तिथे ही युक्ती लंगडी पडते. सगळे सगळ्यांचे थोडे थोडे नातेवाईक निघतात आणि आकडे फुगतात. तिथे एकूण आकड्यापेक्षा सलग लांब तुकडा किती मोठा, ते बघा.

चाचणी शक्यतो मोठ्या संग्रहाच्या कंपनीत करा. मग कच्ची माहिती उतरवून जेडमॅच आणि फॅमिली ट्री डीएनए या दुसऱ्या दोन संग्रहांतही चढवा, म्हणजे एका थुंकीत तीन जाळी पडतात. पण डोळे उघडे ठेवून. २०२३ मध्ये ट्वेंटी थ्री अँड मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जेडमॅचसारख्या संग्रहातून पोलीसही गुन्हेगार शोधतात, २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक मालिका खुनी असाच सापडला. खातं टोपणनावाने उघडा, वेगळा ईमेल ठेवा. फ्रान्समध्ये अशी हौसेची चाचणी बेकायदा आहे, हेही माहीत असू द्या.

आणि हे लक्षात घ्या, की डीएनए कुणाची संमती विचारत नाही. तुमचा चुलतभाऊ मजा म्हणून नळीत थुंकला आणि त्याच्या काकूचं चाळीस वर्षांचं गुपित तुमच्या पडद्यावर आलं. जवळचं नातं जुळल्यावर त्या चुलतभावाला लगेच 'मी तुझ्या काकूची मुलगी' असं कळवणं, ही मला माहीत असलेली सगळ्यात मोठी चूक.

नाव सापडलं. आता थांबा

दोन आठवडे काहीही करू नका. नाव दोन स्वतंत्र वाटांनी पक्कं करा, उदाहरणार्थ कागद आणि डीएनए, किंवा कागद आणि वय-गाव. मग ती व्यक्ती हयात आहे का, घरात कोण कोण आहे, एवढं बघा. तिचे फोटो रोज उघडून बघत बसू नका. ते एकतर्फी नातं होतं, आणि भेटीच्या दिवशी तुम्ही चार महिने पुढे गेलेले असता.

कामाच्या ठिकाणी जाऊ नका, दारात उभे राहू नका, तिच्या मुलांना आधी गाठू नका. संस्था किंवा प्रशिक्षित समाजसेविका मध्यस्थी करत असेल तर तिच्यामार्फतच जा. तसं कुणी नसेल तर पत्र. संदेश नको, तो तिच्या मुलाच्या हातातल्या फोनवर उघडू शकतो. माझं पहिलं पत्र अकरा पानांचं होतं. त्यात बालपण, शाळा, राग, सगळं. उत्तर आलं नाही. दीड वर्षाने अर्ध्या पानाचं दुसरं लिहिलं. पत्र असं हवं, की चुकून नवऱ्याने किंवा सुनेने उघडलं तरी त्यातून काही फुटणार नाही:

'नमस्कार. मी माझ्या घराण्याची माहिती गोळा करते आहे, त्या कामात तुमचं नाव पुढे आलं. माझी जन्मतारीख अमुक, जन्म अमुक गावी. ही तारीख तुमच्या ओळखीची असेल तर तुमच्याशी थोडं बोलायला आवडेल. नसेल तर तसदीबद्दल माफ करा. मी सुखात आहे, मला कुठलीही मदत किंवा पैसे नकोत. हा फोन फक्त मीच उचलते. हवा तेवढा वेळ घ्या, आणि उत्तर द्यायचं नसेल तरी मी समजून घेईन.'

ज्याला कळायचं त्याला तारखेवरून कळतं. सोबत फोटो पहिल्या पत्रात नको, चेहरा फारच बोलतो. तीन-चार महिने थांबा. मग एकच आठवणपत्र. त्यानंतर नाही.

उत्तर, नकार, भेट

नकार आला तर तो तुम्हाला दिलेला नसतो, असं म्हणतात. मला तो मलाच दिल्यासारखा लागला. दुसऱ्यांदा सोडल्यासारखा. तेव्हा त्या आठवड्यात सोबत कोण असेल, हे पत्र टाकण्याआधीच ठरवून ठेवा. नकारानंतरही वैद्यकीय माहितीचे चार प्रश्न मध्यस्थामार्फत पाठवता येतात. माझ्या बाबतीत त्या चार प्रश्नांचीच उत्तरं आली, कोऱ्या कागदावर, आकडे घालून. पाचव्या आकड्यापुढे न विचारता लिहिलं होतं, 'टॉवेल माझाच होता.'

भेट ठरली तर पहिली भेट दोन तासांची ठेवा, दिवसा, तटस्थ जागी, एकेकट्याने. पुढच्या भेटीचं बोलणं त्याच दिवशी करू नका. सुरुवातीला दोघंही हवेत असतात, रोज फोन होतात, आणि काही महिन्यांत एकजण अचानक गप्प होतो. हे इतकं नेहमीचं आहे, की आधी माहीत असलं तर निम्मा धक्का कमी होतो. वेगळे वाढलेले भाऊ-बहीण मोठेपणी भेटतात तेव्हा ओढ कधीकधी भलत्या वळणावर जाते. यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिते: असं वाटलं तर लाजून लपवू नका, अंतर घ्या आणि समुपदेशकाकडे जा.

घरच्या आई-बाबांना भेटीआधी सांगा आणि भेटीनंतर त्याच रात्री फोन करा.

काहींना थडगं किंवा मृत्यूची नोंद सापडते. मग भावंडांना लिहिताना वरचाच नियम पाळा, आणि वारसाहक्काचा विषय पहिल्या वर्षात तुमच्याकडून निघू देऊ नका. त्यांच्या मनात तो पहिल्या मिनिटालाच आलेला असतो.

शोध मधेच थांबवायचा असेल तर थांबवा, पण वही नीट बंद करून. शेवटच्या पानावर कुठे कुठे अर्ज केलेत, कुणाचं उत्तर यायचं आहे ते लिहा. पत्ता किंवा फोन बदलला की संस्था, प्राधिकरण, नोंदवही, डीएनए खातं, सगळीकडे बदला, कारण कदाचित पलीकडूनही कुणी शोधत असेल. माझ्या ओळखीच्या एकाला शोध सोडल्यावर नवव्या वर्षी पत्र आलं, ते जुन्या घरी. तिथल्या नव्या भाडेकरूने ते तीन महिने फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, कधीतरी कुणी घ्यायला येईल म्हणून.